नेफ्यात अडकलेली नाडी

माहेरी उज्जैनला गेले की भेरूगढची एक चक्कर ठरलेली. कागदोपत्री भैरवगढ, पण तोंडात भेरूगढच. शहराच्या उत्तरेला, शिप्रेच्या काठावर. बाहेरगावच्या माणसाला ते काळभैरवामुळे माहीत असतं, कारण तिथल्या देवाला मद्याचा नैवेद्य चालतो. नाहीतर मग तिथल्या मध्यवर्ती तुरुंगामुळे. माळव्यातल्या जुन्या मराठी घरांत आणखी एक आठवण असते. पानिपतानंतर महादजी शिंद्यांनी आपली पगडी या भैरवाला वाहिली, ही कथा माझ्या आजीला सनावळीसकट सांगता यायची. मला मात्र देवळापेक्षा आसपासच्या गल्ल्यांची ओढ. तिथे ठसे मारून कापड छापतात आणि मेण लावून बाटिक करतात. उज्जैनच्या या बाटिकला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

मागे एका खेपेला एक चादर पसंत केली आणि पैसे काढायला पर्समध्ये हात घातला. नोटांची घडी धरली, बाहेर काढली, आणि उजव्या हाताची अनामिका मिटलेलीच राहिली. बाकीची बोटं उघडली, ही नाही. सवयीने डाव्या हाताने तिला धरून सरळ केली. खट् असा आवाज झाला. माझ्या तोंडून बारीकसं 'आई गं' निघालं. समोर टेबलावर ठसा मारणाऱ्या कारागिराने मान वर केली. पन्नाशीचे असतील. हसले, ठसा बाजूला ठेवला, निळ्या रंगाने माखलेला हात पुढे केला, मूठ मिटली आणि उघडली. मधलं बोट आतच. मग तेही खट् करून बाहेर. "दीदी, ये तो हमारे पास भी है," असं म्हणाले ते, जणू एकाच गावचे दोघे परमुलखात भेटले.

डॉक्टर याला ट्रिगर फिंगर म्हणतात. नाव फसवं आहे. बंदुकीचा चाप ओढून ओढून होणारा आजार, असं ऐकणाऱ्याला वाटतं. तसं काही नाही. बोट अडकतं, जोर लावला की एकदम सुटतं, आणि ते सुटणं चाप सुटल्यासारखं असतं, म्हणून हे नाव. आमच्याकडे दिव्याच्या बटणाला खटका म्हणायचे. खटक्याचं बोट म्हटलं तर जास्त नेमकं होईल. पण दवाखान्यात ते कुणाला कळणार नाही, तेव्हा ट्रिगर फिंगरच बरं.

गंमत अशी की पुष्कळ रोग्यांना दुखतं बोटाच्या मधल्या सांध्यात. मलाही तिथेच दुखायचं. एका दवाखान्यात त्या सांध्याचा एक्स-रे काढला गेला, सांधा अगदी छान निघाला, आणि मला वेदनाशामक गोळ्या व 'वय झालं' एवढं निदान मिळालं. दोन महिने गेले. मग हाताच्या शल्यविशारद बाईंनी एक्स-रे बाजूला सारला, माझा तळवा उलटा केला आणि अनामिकेच्या मुळाशी, तळहाताच्या वरच्या आडव्या रेषेवर अंगठा टेकवला. "आता बोट मिटा." मिटलं. त्यांच्या अंगठ्याखाली वाटाण्याएवढं काहीतरी सरकलं, ते मलाही जाणवलं. दोष तिथे होता. दुखत मात्र वर होतं.

ही आडवी रेषा म्हणजे हात बघणाऱ्यांची हृदयरेषा. अनामिका आणि करंगळी अडकतात तेव्हा गडबड या रेषेपाशी असते. तर्जनीची असते तिच्या खालच्या रेषेपाशी, तिला ते मस्तकरेषा म्हणतात. मधल्या बोटाची या दोन रेषांच्या अधेमधे. अंगठ्याची त्याच्या बुडाशी असलेल्या घडीवर. उज्जैनला हात दाखवण्यासाठी दुरून लोक येतात. त्या रेषांच्या खाली नेमकं काय चालतं, ते पाहिलं तर जास्त चमत्कारिक वाटेल.

बोटांत बोट मिटणारा स्नायू नसतोच. स्नायू असतात कोपराखाली, हाताच्या पुढच्या भागात. तिथून पांढऱ्या, चिवट दोऱ्या निघतात, त्यांना कंडरा म्हणतात. मनगटातून, तळव्यातून त्या बोटांत जातात. तर्जनीपासून करंगळीपर्यंत प्रत्येक बोटाला मिटण्यासाठी अशा दोन कंडरा असतात, एक मधल्या पेरापर्यंत, दुसरी थेट टोकाच्या पेरापर्यंत. अंगठ्याला एकच लांब कंडरा असते. आता ही दोरी हाडाला चिकटून राहिली पाहिजे. नाहीतर बोट मिटताना ती धनुष्याच्या दोरीसारखी हाडापासून सुटून वर उठेल आणि ओढ वाया जाईल. म्हणून बोटाच्या आतल्या बाजूला ठरावीक अंतरावर तंतूंचे मजबूत पट्टे असतात, कंडरांना हाडावर दाबून धरणारे. वैद्यकात त्यांना कप्पी म्हणतात. गोलाकार पाच आणि फुलीसारख्या तीन.

मला कप्पीपेक्षा परकराचा नेफा जवळचा वाटतो. नाडी ओवताना तिच्या टोकाला सेफ्टी पिन लावून आपण ती नेफ्यातून पुढे पुढे सरकवतो. नाडी गुळगुळीत आणि नेफा पुरेसा रुंद असेल तर पाच मिनिटांचं काम. नेफा आक्रसला, धुवून धुवून कडक झाला, की पिन तिथे अडते. मग आपण खेचतो. खेचता खेचता नाडीच गोळा होते, तिथे कापड जाड होतं, आणि मग ती आणखीच अडते. पहिली कप्पी म्हणजे बोटाच्या मुळाशी, तळव्यात असलेला नेफा. ट्रिगर फिंगर इथेच होतं. कप्पी जाड होते, तिच्या आतल्या थरात कुर्चेसारख्या पेशी दिसू लागतात, म्हणजे मऊ अस्तराची जागा रबरासारखा कडक थर घेतो. कंडरेवरही घर्षणाने गाठ येते. १८५० साली अल्फोन्स नोटा नावाच्या फ्रेंच शल्यविशारदाने या गाठीचं वर्णन केलं. अजूनही तिला नोटाची गाठ म्हणतात. नाव गाठीचं झालं, त्यामुळे लोकांना वाटतं गाठ काढली की काम झालं. प्रत्यक्षात गाठीला हात लावायची गरज बहुधा पडत नाही. मोकळा करायचा असतो नेफा.

बोट मिटलेलंच का अडकतं, उघडं का नाही, हा प्रश्न मला पडला होता. उत्तर साधं आहे. मुठीची ताकद उघडणाऱ्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त. मिटताना स्नायू गाठीला खेचून कप्पीतून मागे नेतात. परत पुढे ढकलायला बोट उघडणारे स्नायू कमी पडतात. मग दुसऱ्या हाताने मदत करावी लागते. आणि सकाळी जास्त का? रात्रभर बोटं अर्धवट मिटलेली असतात, हालचाल नसते, कंडरेभोवतीचं आवरण जरा सुजतं. उठल्यावर पहिला चहाचा कप धरताना खट् होतं, दुपारपर्यंत पुष्कळ सुसह्य असतं. त्यामुळे संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलं की बोट शहाण्यासारखं वागतं आणि आपण खोटारडे ठरतो. सकाळी घरच्या कुणाला मोबाइलवर बोटाचं चित्रीकरण करायला सांगा. मी तसंच केलं.

हा आजार एकदम येत नाही. आधी तळव्यात नुसती ठणक आणि दाबल्यावर दुखणं. मग अधूनमधून खटका. मग अडकणं, आधी स्वतःच्या जोरावर सुटणारं आणि नंतर दुसऱ्या हाताची गरज लागणारं. शेवटी बोट वाकलेलंच राहतं, कितीही ओढा. त्या टोकाला पोचलेल्या बोटाचा मधला सांधाही आखडतो, आणि मग कप्पी मोकळी केली तरी सांधा सोडवायला वेगळी मेहनत पडते. म्हणून वर्षानुवर्षं दामटत राहण्यात शहाणपण नाही. सगळ्यांत जास्त अडकतात ती अनामिका आणि अंगठा. चाळिशी-पन्नाशीनंतर, आणि पुरुषांपेक्षा बायकांत अधिक.

वाकलेलं प्रत्येक बोट ट्रिगर नसतं, हेही इथेच सांगून टाकते. डुपित्रेनच्या आजारात तळव्याच्या त्वचेखालचा पडदा आक्रसतो, बोट हळूहळू आत ओढलं जातं. त्यात खटका नसतो, सहसा वेदनाही नसते, तळव्यात दोरीसारखी कडक रेघ लागते. आणि बोट अचानक काकडीसारखं सुजलं, ताप आला, सरळ करताना असह्य कळ आली, तर ते कंडरेच्या आवरणातलं जंतुसंक्रमण असू शकतं. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालयात जावं. तिथे तासांचा हिशोब असतो.

परत भेरूगढला येते, कारण त्या कारागिरांनी मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मी फार दिवस शोधत होते. ठसा मारून मारून हे झालं का?

हिशोब करून बघा. दुहेरी पलंगाची चादर ९० बाय १०८ इंच असते. पाच इंची ठसा असेल तर एका रंगासाठी साधारण चारशे वेळा तो कापडावर टेकवावा लागतो. तीन रंग असतील तर बाराशे. ठसा लाकडाचा, वरच्या बाजूला कोरलेली मूठ. एका हाताच्या बोटांनी ती चिमटीत घट्ट धरायची, रंगाच्या ताटात दाबायची, आधीच्या ठशाच्या कडेला तंतोतंत जुळवायची, मग दुसऱ्या हाताची मूठ वरून आपटायची. ठप्. नक्षी जुळली नाही तर चादर वाया, म्हणून पकड सैल ठेवता येत नाही. ज्या तळव्यात कप्पी आहे, त्याच तळव्यावर दिवसभर लाकडाच्या मुठीचा दाब. असं पाहिलं की उत्तर 'हो' असंच वाटतं.

पण संशोधकांचं यावर एकमत झालेलं नाही. काही पाहण्यांत सतत घट्ट पकडीच्या कामाशी संबंध दिसला, काहींत दिसला नाही. शिंपी, माळी, कंडक्टर, स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायका, सगळ्यांनाच हा होतो, आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनाही होतो. मी चादर छापत नाही, तरी मला झाला. माझ्या मते काम हे बहुतेकदा पहिलं कारण नसतं. आधीच जाड होऊ लागलेल्या नेफ्यात नाडी खेचणारा तो हात असतो. अडकण्याची वेळ तो ठरवतो, आजार मुळापासून घडवतो असं नाही.

मग मुळाशी काय असतं? सगळ्यांत आधी साखर. एरवीच्या माणसांत शंभरात दोन-तीन जणांना आयुष्यात कधीतरी ट्रिगर फिंगर होतं. मधुमेह असलेल्यांत हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जातं. वर्षानुवर्षं रक्तात जास्त साखर राहिली की ती शरीरातल्या तंतूंना, म्हणजे कोलॅजनला चिकटते, तंतू एकमेकांना बांधले जातात, ऊती कडक होतात. म्हणून मधुमेही माणसाची एकाहून जास्त बोटं अडकतात, कधी दोन्ही हातांची, आणि उपचारांनाही ती हट्टीपणे दाद देत नाहीत. एक सोपी खूण आहे. नमस्कार करा. दोन्ही तळवे आणि सगळी बोटं पूर्ण टेकली पाहिजेत. ज्यांचे हात मधुमेहाने आखडलेले असतात, त्यांच्या जोडलेल्या बोटांमध्ये फट राहते. डॉक्टर याला प्रार्थनेची खूण म्हणतात, आपण रोज देवापुढे ती तपासणी करत असतो आणि लक्ष देत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेही १० कोटी १० लाखांच्या घरात निघाले. त्यांतले किती जण बोट अडकलं म्हणून आधी मालीशवाल्याकडे आणि मग औषधाच्या दुकानात जात असतील, आणि साखर मात्र तपासत नसतील! माझी साखर बाईंनी पहिल्याच भेटीत तपासायला लावली, सोबत थायरॉईड. मला थायरॉईडचा त्रास निघाला, साखर ठीक होती. संधिवात, थायरॉईड कमी असणं, गाउट, आणि मनगटातली नस दबणारा कार्पल टनेल, हे सगळे या आजाराचे सोबती आहेत. स्तनाच्या कर्करोगानंतर लेट्रोझोलसारख्या गोळ्या घेणाऱ्या बायकांनाही सांध्यांच्या दुखण्याबरोबर बोट अडकण्याचा त्रास होतो. त्यांनी गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं. लहान मुलांत मात्र गोष्ट निराळी आहे. दीड-दोन वर्षांच्या बाळाचा अंगठा वाकलेलाच राहतो, खटका क्वचितच येतो, आणि बाळ त्या अंगठ्याने कुरकुर न करता खेळत असतं. पुष्कळदा तो हळूहळू आपोआप सुटतो, म्हणून थोडं थांबून, लक्ष ठेवून मगच शस्त्रक्रियेचा विचार करतात. आजीबाईंनी ओढून सरळ करायला जाऊ नये.

आता उपचार. इथे मला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे, आणि ती पुस्तकांत सहसा नसते. पुस्तकात उपचारांची पायरी ठरलेली असते: आधी आराम आणि पट्टी, मग इंजेक्शन, शेवटी शस्त्रक्रिया. कागदावर हे चोख आहे. पण आराम करायला परवडतं कुणाला? पेन्शन मिळणाऱ्या माणसाला बोटाला सहा आठवडे पट्टी बांधून बसता येईल. जो नगावर पैसे घेतो, त्याचा ठसा सहा आठवडे बंद पडला तर घर बंद पडतं. त्याच्यासाठी 'सौम्य' उपचार सगळ्यांत महाग ठरू शकतो. उपचार ठरवताना बोटाच्या आधी पोट कसं चालतं, ते विचारायला हवं.

तरी पायऱ्या सांगते. पट्टी, म्हणजे स्प्लिंट, बोटाच्या बुडाच्या सांध्याला लावायची असते. त्या एका सांध्याला जवळपास सरळ धरून ठेवायचं, पुढची दोन पेरं मोकळी. तळव्यातल्या कप्पीत गाठीची ये-जा कमी होते आणि सूज बसते. सुरुवातीच्या, थोड्या महिन्यांच्या आजारात, अजून बोट घट्ट अडकत नसेल तर, याने चांगला फरक पडतो. निदान सहा आठवडे तरी लागतात. सबंध बोट आडव्या काडीला बांधून टाकणं चुकीचं, त्याने सांधेच आखडतात. ज्यांना दिवसा काम सोडता येत नाही, त्यांनी निदान रात्री बांधावी. सकाळचा खटका पुष्कळ कमी होतो.

शेकाचं काय? भेरूगढला हा प्रश्न वेगळाच निघतो. बाटिकसाठी तिथे पॅराफिनचं मेण वितळवतात, आणि तेच पॅराफिन फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आखडलेले हात शेकायला वापरतात. पण दवाखान्यातलं मेण साधारण पन्नास-बावन्न अंश सेल्सिअसला राखलेलं असतं, बाटिकच्या भांड्यातलं त्याहून खूप गरम असतं. त्यात हात बुडवायचा विनोदही करू नये. मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झालेल्यांनी तर घरातल्या गरम पाण्याच्या शेकाचंही तापमान दुसऱ्याला बघायला लावावं. शेकाने आखडलेपणा सैल होतो, बरं वाटतं, पण कप्पीची जाडी त्याने कमी होत नाही. आणि बोट धरून जोरात ओढून 'नस चढली' म्हणत खट् करून देणारे जे वैदू बाजारात बसतात, त्यांचा हात अडकलेल्या बोटाला लागू देऊ नये. प्रत्येक खटका गाठीला आणखी घासतो.

इंजेक्शन स्टेरॉईडचं असतं, कप्पीजवळ तळव्यात. नाव ऐकून लोक घाबरतात. हे शरीरभर पसरणाऱ्या गोळ्यांसारखं नसतं, थेंबभर औषध त्या जागी. दोन दिवस जरा जास्त दुखतं, मग एक-दोन आठवड्यांत बोट मोकळं होऊ लागतं. एका सुईत निम्म्याहून अधिक लोक बरे होतात. आजार नवा असेल, एकाच बोटाला असेल, मधुमेह नसेल, तर यश जास्त. मधुमेहींमध्ये कमी, आणि त्यांची साखर नंतरचे चार-पाच दिवस चढते, म्हणून त्या आठवड्यात रोज तपासावी. एकाच बोटाला दोन, फार तर तीन वेळा. त्यापुढे हट्ट धरला तर कंडरा कमकुवत होण्याची भीती असते. सुईच्या जागी त्वचा पांढरी पडणं किंवा खळगा पडणं अधूनमधून दिसतं. भेरूगढच्या कारागिरांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांचा तळवा निळा, लाल, काळा सगळा रंगलेला. "सफ़ेद कहाँ दिखेगा?"

माझं काम एका सुईत झालं. सात महिने बोट मोकळं होतं. मग परत खटका. दुसऱ्या सुईने तीन महिने. तेव्हा बाईंनी शस्त्रक्रिया सुचवली.

ही हातावरच्या शस्त्रक्रियांपैकी अगदी छोटी. फक्त तेवढी जागा बधिर करतात. तळव्याच्या घडीवर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा छेद, बाजूच्या नसा सांभाळून पहिली कप्पी उभी चिरायची, बस्स. नेफा उघडा. कापलेली कप्पी परत शिवत नाहीत, आणि तिच्याशिवाय काही बिघडत नाही, कारण कंडरांना हाडावर धरून ठेवण्याचं मुख्य काम दुसऱ्या आणि चौथ्या कप्पीचं असतं. त्या मात्र कुणी चिरू नयेत. हे सगळं पंधरा-वीस मिनिटांचं काम.

मला सगळ्यांत आवडलेला भाग असा की मी जागी होते. दंडाला आवळणारा पट्टाही नव्हता. पूर्वी हाताच्या शस्त्रक्रियेत रक्त थांबवायला दंडाला पट्टा बांधत, त्याची कळ सहन होत नसे, म्हणून गुंगी द्यावी लागे. बधिर करायच्या औषधात अॅड्रेनलिन मिसळलं तर रक्त तिथल्या तिथे थांबतं, पण बोटात ते टोचू नये, बोट काळं पडेल, असं पिढ्यान्पिढ्या शिकवलं जात होतं. कॅनडातले हाताचे शल्यविशारद डोनाल्ड लालोंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दाखवून दिलं की ती भीती निराधार आहे. त्यामुळे आता रोगी जागा राहतो, बोलतो, आणि कप्पी चिरल्यावर डॉक्टर सांगतात, "बोट मिटा, उघडा." मी मिटलं, उघडलं. खटका नाही. पुन्हा मिटलं. नाही. टेबलावरच खात्री. शुद्धीवर येऊन तीन दिवसांनी 'झालं का बरं?' विचारण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सुईने कप्पी चिरण्याची पद्धतही आहे. त्वचेला छेद न देता जाड सुईच्या धारेने आतूनच कप्पी मोकळी करतात, टाके नाहीत, दवाखान्यातच होतं. अनुभवी हाताला छान जमतं. पण अंगठ्यात संवेदना देणारी एक नस कंडरेवरून तिरपी जाते आणि ती सुईखाली सापडू शकते, म्हणून अंगठ्यासाठी बरेच जण उघडी शस्त्रक्रियाच पसंत करतात. सोनोग्राफीच्या मदतीने सुई चालवणारेही आता आहेत. कुठली पद्धत, हे ज्याच्या हातात सुई असेल त्याच्या सवयीवर सोडावं. दोन्हींत यश शंभरात नव्वदीच्या वर जातं.

खरी मेहनत नंतरची. त्याच संध्याकाळपासून बोट हलवायचं, दर तासाला मिटायचं आणि उघडायचं. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. हलकी कामं लगेच, जड पकडीची कामं तीन-चार आठवड्यांनी. तळव्यातल्या खुणेवर दाब आला की काही महिने दुखतं, भाकरी थापताना मला दोन महिने लक्षात राहिलं. हात पाण्यात आणि रंगात बुडवणाऱ्या माणसाने टाके निघून जखम पूर्ण भरेपर्यंत रंगाला हात लावू नये. हे ठसेकाराला सांगणं म्हणजे सुताराला करवत विसरायला सांगणं आहे, तरी सांगायलाच हवं.

यंदा वैशाखात परत गेले तेव्हा त्यांच्या ठशाच्या मुठीला जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळलेलं दिसलं. जाड मूठ चिमटीत कमी आवळावी लागते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच जमवलं होतं. वरून मूठ आपटण्याऐवजी तळव्याची टाच वापरायलाही त्यांनी सुरुवात केली होती. बोट अजून अडकत होतंच. साखर तपासली का, विचारलं. होती, थोडी, आता गोळी चालू आहे. सुई घेतली होती, चार महिने पुरली. मी शस्त्रक्रियेचं विचारलं. त्यांनी बाहेर वाळत घातलेल्या चादरींच्या रांगेकडे हात दाखवला. लग्नसराई चालू, सगळा माल उन्हात. आत्ता टाके घेऊन बसायला वेळ कुणाला? दसऱ्यापर्यंतचा माल आधी बांधायचा.

"सावन में," ते म्हणाले. श्रावणात शिप्रेला पाणी असतं आणि आभाळाला ऊन नसतं. कापड वाळत नाही, छपाई जवळजवळ बंद असते. मी मनात हिशोब केला. टाके दोन आठवडे, पकड यायला आणखी दोन. भाद्रपद संपेपर्यंत हात तयार. मग उघडीप मिळाली की दसऱ्यानंतरच्या मालाला ते ठसा मारू शकतील. त्यांनी मूठ मिटली, उघडली, अडकलेलं बोट अंगठ्याने सरळ केलं आणि फडकं गुंडाळलेला ठसा निळ्या ताटात दाबला.